घुरीला घुरीच म्हणायचं

शब्दकोश मी आयुष्यात पहिल्यांदा उघडला तो परीक्षेसाठी नव्हे. आईचा हात मोडला होता आणि ज्या प्रकाराने तो मोडला त्याला काय म्हणायचं ते मला पोलिसांकडे द्यायच्या अर्जात लिहायचं होतं. पुढे मी मराठीची पदवी घेतली, निवृत्त होईपर्यंत डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवलं, घरात चार कोश आले. पण शाळेच्या कपाटातला तो जाडजूड, वाळवीने कडा खाल्लेला कोश आणि त्यावरून फिरणारं माझं बोट अजून डोळ्यांपुढे आहे.  

आमचं घर पेडणे तालुक्यात, मोरजीच्या अलीकडे, एका भाटकाराच्या माडांच्या बागेत होतं. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारे आम्ही मुंडकार. घर आमचं, घराखालची माती त्याची. आजोबांच्या काळी या मातीच्या बदल्यात भाटकाराच्या माडांची राखण करायची, त्याच्या घरच्या लग्नकार्यात राबायचं आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पहिली काकडी त्याच्या दारी नेऊन ठेवायची, असा रिवाज होता. बाग इतकी दाट की दिवसातून दोन-चार वेळा तरी नारळ पडल्याचा धप्प आवाज यायचा. आवाज आला की घरातलं बोलणं थांबायचं, कुठल्या माडाचा पडला याचा अंदाज घ्यायचा आणि मग आमच्यापैकी कुणीतरी उठून तो नारळ उचलून भाटकाराच्या राशीत टाकून यायचं. आमच्या छपरावर पडून छप्पर फोडणारा नारळसुद्धा त्याचाच.

बाबांच्या काळात कायदा आला. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, घर मोडकळीला आलं तर त्याने ते दुरुस्त करावं. बाबा हसून म्हणायचे, "कायदो पणजेक बसून आसा. ताका अजून पेडण्याची बस मेळूंक ना." बाबा सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीवर मालाच्या ट्रकांवर काम करायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. आल्यावर ते विहिरीवर अंघोळ करायचे तेव्हा पाण्याचा ओहोळ लाल होऊन आईच्या अळवापर्यंत जायचा. येताना ते डिचोलीच्या बाजारातून कडक उंडे, म्हणजे गोल पाव, आणायचे. आई त्या दिवशी चवळीचं तोणाक, म्हणजे रस्सा, करायची, भाजलेल्या खोबऱ्याचा वास बागेच्या टोकापर्यंत जायचा, आणि आम्ही तिघं उंड्याचा तुकडा मोडून त्यात बुडवून न बोलता खायचो. बाकीचे सहा दिवस सकाळी उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि लोणच्याची फोड. माझ्या मुली आज हॉटेलात तीच पेज मातीच्या वाडग्यातून मागवतात. मी काही बोलत नाही, पण आईच्या पेजेला धुराचा जो वास होता तो त्या वाडग्यात नसतो.

घर दोन खोल्यांचं. मातीच्या भिंती, वर माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या. एक जनेल, म्हणजे खिडकी, आणि एक कदेल, म्हणजे खुर्ची. खुर्चीवर पाहुणा बसायचा किंवा मी अभ्यासाला बसायचे. घरातली मोठी माणसं कधी तिच्यावर बसली नाहीत. म्हापशाच्या कॉलेजात जाणारी आमच्या वाड्यावरची मी पहिली मुलगी. आईला अक्षर येत नव्हतं. माझी वही ती उघडून बघायची, दोन्ही बाजूंनी बघायची आणि म्हणायची, "तुजें अक्षर कशें आसा माका कळना, पूण पान बरें भरलां." माझ्या लिखाणाला पुढे इतकी चांगली दाद फारशी मिळाली नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना बाबांनी ठरवलं की मातीच्या भिंती पाडून चिऱ्यांच्या बांधायच्या. जांभा दगडाचे तांबडे चिरे फणसाखाली रचून ठेवले गेले. भाटकाराचा मुकादम जयराम रोज येता-जाता त्या राशीकडे बघायचा. बागेची सगळी व्यवस्था तो पाहायचा. समुद्राच्या बाजूला परदेशी पाहुणे उतरू लागले होते आणि आमच्या बागेतून वाळूपर्यंत सरळ वाट होती, म्हणून भाटकाराला ती जागा मोकळी हवी होती. जयराम एकदा अंगणात उभा राहून आईला म्हणाला, "वयनी, चुडतांचें घर बरें. थंड ऱ्हवता. चिरे कित्याक?"

आई म्हणाली, "तुज्या घराक चिरेच आसात मरे. तुका उकडता काय?"

तो हसला आणि गेला. त्या हसण्याचा अर्थ आम्हाला पुढच्या आठवड्यात कळला.

त्या दिवसांत भाषेचं आंदोलन चाललं होतं. कोकणी की मराठी, यावरून घराघरात तट पडले होते. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बस बंद, कॉलेजही बंद. म्हणून मी घरी होते. बाबा सुर्ल्याला अडकलेले. पश्चिमेची भिंत छातीइतकी उठली होती. मी अंगणात सुपात तांदूळ निवडत होते, आई आदोळीवर बसून भोपळा चिरत होती. आदोळी म्हणजे आमची विळी. जयराम पाच माणसांना घेऊन आला. माणसांच्या हातात पारया, म्हणजे पहारी, होत्या आणि जयरामच्या हातात चुडताचा वाळलेला दांडा. पाचही जण गावातले. त्यातले दोघे तर आमच्याकडे चवथीच्या आरतीला येऊन पातोळ्या खाऊन जाणारे.

त्यांनी येताच भिंतीत पारया घातल्या. आई उठली, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"वयनी, कुशीक जा," जयराम म्हणाला.

"घर माजें. तूं जा."

"जमीन कोणाची?"

"जमीन तुजी जाल्यार जमीन घेवन जा. वयलें घर हांगा दवर."

पारय धरलेला एक पोरगेला गडी हसला. ते हसणं जयरामला लागलं असावं. त्याने दांडा उगारून आईला मारलं. आईने हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मी सूप टाकून धावले तेव्हा आई खाली बसली होती आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. तिच्या डोक्यावरून त्यांनी भिंत ढकलली, नशिबाने पलीकडच्या बाजूला. निवडलेल्या तांदळावरून चालत ते निघाले. जाता जाता जयराम वळला आणि आईची आदोळी उचलून घेऊन गेला. आम्हाला वाटलं, चोरी. ती चोरी नव्हती, ती त्याची तयारी होती.

आडवाटांनी पेडणे गाठलं, तिथे सरकारी दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं आणि तिथून आम्ही पोलीस चौकीत गेलो. हवालदारापुढे आदोळी आमच्या आधीच पोहोचली होती. जयराम सांगून गेला होता की बाई विळी घेऊन अंगावर आली. हवालदार आमच्याशी वाईट बोलला नाही, उलट आईला बसायला बाक दिला. म्हणाला, "मारामारी म्हणून लिहून घेतो. दोन्ही बाजूंची. दोघांना समज देतो, मिटून जाईल."

आईने मला विचारलं, "किते म्हणता तो?"

मी सांगितलं.

"मारामारी खंयची? मी खंय मारलें? ती घुरी. आमच्या घराचेर घुरी घाली तेंणी."

घुरी म्हणजे आमच्या बोलीत, लोकांनी जमून, ठरवून, दुसऱ्याच्या घरावर किंवा गावावर तुटून पडणं. हवालदाराने पेन खाली ठेवलं. "तसं पाहिजे तर अर्ज लिहून आणा," म्हणाला. त्याला वाटलं असावं, या काय लिहून आणणार.

मी वसंत सरांकडे गेले. ते आमच्या हायस्कूलचे मराठीचे शिक्षक. मी आज जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे. कॉलेजची फी भरायला ते स्वतः बाबांबरोबर म्हापशाला आले होते. ते आंदोलनात मराठीच्या बाजूचे, आणि कडक. त्यांनी शाळेचं कपाट उघडून कोश माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "शोध. तुझ्या आईचा शब्द आहे, तो तूच शोधायला हवा."

मी शोधत गेले. भांडण, झटापट, मारामारी, घाला, धाड, हल्ला. सर म्हणाले, "मारामारीला दोन बाजूंचे हात लागतात. इथे हात एकाच बाजूचा उठला. म्हणजे हल्ला. हल्ला लिही." मी त्यांना आईचा शब्द सांगितला. ते म्हणाले, "घुरी कोकणीत चालेल. अर्जाची मराठी शुद्ध ठेव." मी मान डोलावली, घरी आले, जनेलाशी बसले आणि लिहिलं: आमच्या घरावर हल्ला केला, माझी आई याला घुरी म्हणते, आणि तिने जे पाहिलं ते ती जास्त जाणते. सरांना अर्ज दाखवला तेव्हा त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. लाल पेन त्यांच्या खिशात होतं. त्यांनी ते काढलं नाही. भाषेवरून माणसं एकमेकांच्या दुकानात जायची बंद झाली होती अशा दिवसांत त्यांनी ते काढलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

या शब्दांची कुळं पुढे मी हौसेने शोधली. हल्ला हा कुणी म्हणतात अरबीतून फारसीमार्गे फौजांबरोबर आपल्याकडे आला, कुणी म्हणतात चाल करून येणाऱ्यांच्या ओरड्यातूनच तो झाला. धाड संस्कृतातल्या धाटीपासून. घाला तर आपल्या रोजच्या घालण्यातला, ज्या क्रियापदाने आपण झाडांना पाणी घालतो आणि पेजेत मीठ घालतो. पोर्तुगीजांचा शब्द आसाल्त. त्याच्या मुळाशी अंगावर उडी घेणं आहे. जुन्या बड्या घरांतून कार्निव्हालच्या दिवसांत मित्रमंडळी न सांगता एकमेकांच्या घरात घुसायची, खायची, नाचायची, त्या खेळालाही हाच शब्द होता असं मला एका वृद्ध बाईंनी सांगितलं. त्या खेळाचा मला राग नाही. पण ज्यांच्या घरात लोक नाचायला शिरतात आणि ज्यांच्या घरात पारया घेऊन शिरतात, त्या दोघांना एक शब्द कसा पुरावा? घुरीचं मूळ मात्र मला अजून पटण्यासारखं सापडलेलं नाही. शिकवताना मुलांना मी सांगायचे, शब्द कुठून आला ते कळलं तर उत्तम, पण तो कुणावर पडला ते आधी बघा.

अर्ज तयार झाला तोवर बाबा चालत-थांबत सुर्ल्याहून पोहोचले होते. त्यांनी आईच्या प्लास्टरला हात लावला. ज्या ट्रकवर ते काम करत तो भाटकाराच्या चुलतभावाचा होता. ते म्हणाले, "गप रावया. घर परत चुडतांचें करूया."

आई म्हणाली, "गप रावल्यार हात बरो जातलो काय?"

त्याच संध्याकाळी राघोबा गावकर आमच्याकडे आले. ते गावच्या देवळातले मानकरी, सत्तरीचे, काटक. देवापुढे गाराणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्याकडे गावातलं भांडण पोलिसांत जाण्याआधी देवाकडे जातं. दोन्ही पक्ष येतात, ज्याची चूक तो नारळ ठेवतो, गावकर नारळ हातात धरून काय घडलं आणि काय ठरलं ते देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." मग नारळ फुटतो, आणि फुटलेला नारळ पुन्हा जोडता येत नाही. देवाला सांगितलं गेलं तेच घडलं, असं त्यानंतर गाव मानतो. कुणी वेगळं सांगायला गेलं तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं.

राघोबा त्या दिवशी आमच्या कदेलवर बसले नाहीत, उंबऱ्यापाशीच टेकले. म्हणाले, "भामिणी, जयराम नारळ दवरता. तुका एक लुगडें दिता. मिटोवन टाक."

भामिणी माझी आई. ती म्हणाली, "येतां. देवाकडे येवंक माका भंय ना."

बाबांना हायसं वाटलं. मला वाटलं, सगळं संपलं, अर्ज आता फाडायचा. मी तो घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला तो केवळ लिहिलेला कागद टाकवत नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात सगळा वाडा जमला होता. एका बाजूला जयराम, धुतलेलं धोतर, हातात नवं लुगडं. दुसऱ्या बाजूला आम्ही. राघोबांनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि त्यांचा आवाज बदलला. घरी बोलताना तो कापायचा, गाराण्यात कधी कापला नाही.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या पांयाकडे हे दोन्ही तुजे भुरगे आयल्यात."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"हेंच्या मदीं जी कांय बोलाचाली जाली, लोटालोटी जाली, ती तूं पोटांत घाल."

"व्हय म्हाराजा."

"आनी भामिणीन येत्या चवथीक घर दुसरेकडे..."

"न्हय म्हाराजा."

आईचाच आवाज. मोठा नव्हता. पण गाराण्याच्या मध्ये "न्हय" हा शब्द त्या अंगणात कुणी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे तो घंटेवर दगड बसावा तसा ऐकू आला. राघोबांनी डोळे उघडले. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "भामिणी, देव ऐकता गे."

"ऐकूं दी. ताकाच सांगतां मी."

जयराम म्हणाला, "पळयलें? बायल मनशाची जीब."

राघोबांनी हाताने त्याला गप्प केलं. घर सोडण्याचं वाक्य कुणी त्यांच्या तोंडात घातलं होतं ते मला माहीत नाही. आमच्या घरी ते बोलले तेव्हा त्यात ते नव्हतं. त्यांनी ते वाक्य गाळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बोलाचाली जाली, लोटालोटी जाली. गाव या वेळी हळू म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि त्यावर आई एकटी, "न्हय म्हाराजा."

"मगे किते म्हणूं?" राघोबांनी विचारलं. देवाकडची नजर काढून त्यांनी आईकडे बघितलं.

"जालां तें म्हण, राघोबादादा. घुरी जाली म्हण. जयरामान घाली म्हण. मगे मी पयली व्हय म्हणतां."

मी तेव्हा बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. गावात वाढलेल्या माणसाला त्या अंगणात मान वर करून उभं राहणं किती जड, ते आज मला समजतं. पण त्यांनी आईला ओढून नेलं नाही, "गप" म्हटलं नाही. ते तिच्या प्लास्टरच्या बाजूला एक पाऊल सरकले आणि तिथे उभे राहिले. त्यांच्याकडून तेवढंच झालं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

 राघोबांनी नारळ न फोडता जयरामच्या हातात परत दिला आणि ते आत निघून गेले. आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो ते थेट चौकीत. अर्ज मी हवालदाराच्या टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला, मान वर करून आईकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

खटल्याचं सांगायचं तर तो रेंगाळत राहिला आणि विझला. जयरामला शिक्षा झाली नाही. हे मी लपवणार नाही, कारण अशा गोष्टींच्या शेवटी न्याय मिळाल्याचं वाचून मला नेहमी संशय येतो. बाबांचं सुर्ल्याचं काम गेलं. पणजीला एका इमारतीच्या कामावर बेळगावकडचे गडी होते, त्यांच्या मुकादमाने बाबांना ठेवून घेतलं. आमच्याशी नातं ना गोतं, पण त्याने एवढंच विचारलं, "काम करशील का?" वाड्यावरच्या लोकांनी आमच्याकडे येणं सोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, जत्रेत प्रसाद नाही, गवंडी तर फिरकेनातच. आईच्या "न्हय"मुळे गावावर देवाचा कोप होईल अशी भीती लोकांना खरोखर होती. फक्त पाववाला पोदेर रोज सकाळी आमच्या वाटेवर थांबून भोंगा वाजवायचा, आम्ही पाव घेवो न घेवो. उरलेल्या घराच्या उघड्या बाजूला चुडतं लावून आम्ही ते दिवस काढले. आई डाव्या हाताने जेवायला, डाव्या हाताने चूल पेटवायला शिकली. विहिरीवर बायका बाजूला व्हायच्या तेव्हा ती कळशी आणखी सावकाश भरायची.

घर कुणाचं हा निवाडा मामलेदाराकडे होता, आणि आमच्या दृष्टीने सगळं त्यावर होतं. तारखा पडत गेल्या. शेवटची सुनावणी झाली तेव्हा गोवा नुकताच घटक राज्य झाला होता. कचेरीच्या दाराला कागदी पताका अजून लोंबत होत्या. पाऊस तोंडावर आला होता आणि आमच्या घराला एक बाजू नव्हती.

भाटकाराच्या वकिलाने सांगितलं की वाद देवापुढे मिटलेला आहे. बाई घर सोडायला तयार झाली होती, सगळ्या गावाने होकार दिला होता, आता ती शब्द फिरवते आहे. पुरावा म्हणून त्याने राघोबा गावकरांनाच आणलं होतं. राघोबा धुतलेला सदरा घालून उभे राहिले.  ते भाटकाराचे लोक म्हणतील तेच म्हणणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मामलेदार तरुण होते. त्यांनी विचारलं, "देवाकडे प्रकरण मिटलं का?"

"ना," राघोबा म्हणाले.

वकील पुढे झाला. "गावाने होकार दिला की नाही?"

"दिलो."

"सगळ्या गावाने?"

"एकटी सोडून. भामिणी न्हय म्हणाली."

"म्हणजे शंभर माणसं हो म्हणाली आणि एक नाही म्हणाली."

राघोबांनी वकिलाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते देवळात चपला घालून आलेल्याकडे बघत. "वकीलसायब, गाराण्यांत मेजप नासता. एक न्हय पडलें की नारळ फुटना. नारळ फुटूंक ना, म्हणटकच मिटूंक ना. माज्या बापायन माका असेंच शिकयलां."

मेजप म्हणजे मोजणं, असं शेजारी टिपून मामलेदारांनी हे लिहून घेतलं. मग पेन वर न उचलता विचारलं, "ती नाही का म्हणाली?"

 जयराम भिंतीकडे बघत होता. राघोबांनी एकदा घसा साफ केला, आणि त्यांचा तो दुसरा आवाज आला, न कापणारा.

"कारण मी देवाक खोटें सांगतालों. बोलाचाली जाली ना. घुरी जाली."

"घुरी म्हणजे?"

राघोबा काही बोलायच्या आत मी उठून उभी राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हल्ला, साहेब." मामलेदारांनी माझ्याकडे बघितलं, रागावले नाहीत, आणि लिहिलं. त्या आदेशाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. घर मुंडकाराचं आहे, ते चिऱ्यांचं बांधायला हरकत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

बाहेर आल्यावर आई राघोबांपुढे उभी राहिली. मला वाटलं, आता पाया पडेल. ती म्हणाली, "त्या दिसा देवाकडे कित्याक म्हणूंक ना?"

राघोबा म्हणाले, "त्या दिसा माका कोणें विचारलेंच ना गे. माका सांगलेलें."

आईने ते ऐकून घेतलं. माफ केल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग म्हणाली, "फाल्यां भिंत घालतां. येवन बस."

दुसऱ्या दिवशी राघोबा आले आणि फणसाखाली येऊन बसले. काम त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं, ते नुसते बसले, पान लावत. वाटेने जाणाऱ्यांनी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं. दुपारपर्यंत एक गवंडी ओळंबा घेऊन आला, संध्याकाळी दुसरा. तिसऱ्या दिवशी त्या पाचांतला, अंगणात हसलेला तो गडी आला आणि चिरे वाहू लागला. आईने त्याला थांबवलं नाही आणि त्याच्याशी बोललीही नाही. जेवणवेळी मात्र सगळ्यांबरोबर त्याच्यापुढेही पेजेचा वाडगा ठेवला. पाऊस धरायच्या दोन दिवस आधी छप्पर चढलं.

आईचा उजवा हात कोपरात कायमचा वाकडा राहिला. पुढे मला नोकरी लागली, घराला रंग दिला, मोठी जनेलं केली, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं की पश्चिमेच्या भिंतीलाही गिलावा करून घेऊ. आईने शेवटपर्यंत करू दिला नाही. म्हणायची, "चिरे दिसूंदी. येता-जाता लोकांनी मेजूंदी."